ताई आणि बांधावरची निळी

माझ्या थोरल्या बहिणीला कशाकशाची भीती वाटते हे विचारू नका, दिवस पुरणार नाही. कुत्रं, लिफ्ट, विजेचं बटण, दाराची घंटा. फोन वाजला तर वाजला म्हणून, नाही वाजला तर का वाजत नाही म्हणून. एकदा शेजारच्या खिडकीतून करपल्याचा वास आला तर तिनं थेट आगीचा बंब बोलावला. बंब आला, शिडी लागली, गल्ली गोळा झाली, आणि शेजारीण दुधाचं काळं पातेलं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. तेव्हापासून आमच्याकडे कुणी जरा घाबरलं की लोक विचारतात, "बंब बोलावू का?"

मी तिची धाकटी. तिच्या वाटणीचा धीटपणा चुकून माझ्याकडे आला असावा, आणि तिच्या वाटणीचं तोंडही. आम्ही दोघी एकाच घरात राहतो. खाली माझं इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या. माझा संसार झाला आणि आटोपला. तिनं केलाच नाही. का म्हणून विचारलं तर म्हणते, "नवरा झोपेत घोरला असता तर?"

नोकरी मात्र तिनं चोख केली. दातांच्या डॉक्टरांकडे मागच्या खोलीत ती कवळ्या बनवते. बाहेर खुर्ची, दिवा, औषधाचा वास आणि पेशंटची हायहाय. आत ताई, प्लॅस्टरची पांढरी भुकटी, गुलाबी मेण आणि फळीवर ओळीनं मांडलेले जबडे. मला त्या खोलीत दोन मिनिटं बसवत नाही, सगळे आपल्याला हसतायत असं वाटतं. ताई तिथे दिवसभर सुखात असते. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं ताईच्या दातांनी हसतात आणि उरलेली निम्मी आपला नंबर कधी लागतो म्हणून वाट बघत असतात. तोंडावर ओळख मात्र कुणाची नाही, कारण पेशंट आला की ती दार लोटून घेते.

आमचं घर बांधाखाली आहे. म्हणजे गावाला पाणी पुरवणारा तलाव वर, त्याला अडवून धरणारा मातीचा लांबलचक बांध मध्ये, आणि त्याच्या पायथ्यापासून आमच्या गल्ल्या सुरू. वरच्या खोलीच्या खिडकीतून बांध दिसतो, हिरव्या भिंतीसारखा. त्या भिंतीमागे पाणी आहे हे खालच्या लोकांच्या ध्यानीमनीही नसतं. ताईच्या असायचं. रोज दिवा मालवताना ती विचारायची, "फुटला तर?"

"फुटला तर पोहू," मी म्हणायचे.

"मला येत नाही."

"मलाही येत नाही. झोप आता."

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती तडे शोधायला बांधावर गेली. म्हणजे मला घेऊन गेली, मी पुढे आणि ती माझ्या पदराला धरून. तडे काही सापडले नाहीत. पण बांधाच्या उतारावरच्या गवतात एक नखाएवढं निळं फुलपाखरू तिच्या चपलेच्या अंगठ्यावर येऊन बसलं. ताई हलली नाही. मला वाटलं, घाबरून थिजली. वाकून पाहते तो ही हसत होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखी. त्या दिवशी तडे बघायचे राहून गेले. आणि त्यानंतर "फुटला तर?" हा प्रश्न आमच्या घरात मी ऐकला नाही.

पुढे कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई तिला तिथे भेटल्या. त्या बांधावर हीच फुलपाखरं मोजायच्या, ताई त्यांना नुसतं 'निळी' म्हणायची. त्यांची बदली झाली तेव्हा मोजणीचं काम त्यांनी ताईच्या गळ्यात घातलं. मोजायची रीत अशी: ऊन हवं, वारा नको, वाट दर खेपेला तीच, चाल संथ. आपल्या पुढ्यात, दोन्ही बाजूंना हात पसरल्यावर मावेल एवढ्या जागेत जे दिसेल तेवढंच धरायचं. मागे राहिलं ते राहिलं. मागे वळून पाहायचं नाही, नाहीतर एकच फुलपाखरू दोनदा मोजलं जातं.

आता मागे न बघता चालायचं हे ताईला कसं जमावं? तिच्या मते जगातली सगळी संकटं मागूनच येतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! म्हणून ब्रह्मराक्षसाच्या जागी माझी नेमणूक झाली. ताई पुढे मोजत चालायची आणि मी तिची पाठ राखत मागे. दर रविवारी माझी सकाळ अशी बहिणीच्या पाठीकडे बघण्यात गेली. हातात वही वगैरे काही नाही, कारण लिहायला मान खाली घातली की पुढलं निसटतं. डाव्या खिशात कवळ्यांच्या मेणाच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या. एक निळी दिसली की एक गोळी उजव्या खिशात. उन्हानं गोळ्या एकमेकींना चिकटायच्या, मग घरी येऊन त्या सोडवत बसायच्या आणि आकडा बाईंना फोनवर कळवायचा. एवढ्यासाठी ती फोनलासुद्धा हात लावायची.

या सगळ्यावर दर वर्षी नांगर फिरायचा तो पाणी खात्याचा. नांगर म्हणजे ट्रॅक्टरला लावलेलं गवत कापायचं यंत्र. ते चालवणाऱ्याला आम्ही 'वस्तरा' म्हणायचो, कारण तो बांधाची अशी तुळतुळीत हजामत करायचा की मुंगीलाही आडोसा उरायचा नाही. निळीची अंडी तिथल्या बारीक पानांच्या वेलीवर असतात, कळ्यांच्या देठाशी. यंत्र फिरलं की वेलही गेली आणि अंडीही. ताई खिडकीत उभी राहून ते बघायची आणि दोन दिवस जेवायची नाही. खात्यात जाऊन सांग म्हटलं तर तिची बोबडी वळायची. मी जाऊन भांडले, तर खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, बांध फुलपाखरांसाठी नाही, पाण्यासाठी बांधलाय." त्याचं काही चूक नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

आणि मग एक दिवस पाणी खात्याचे इंजिनिअर साहेबच डॉक्टरांकडे कवळीचं माप द्यायला आले. डॉक्टरांनी मापाचा गुलाबी लगदा भरलेला पसरट चमचा त्यांच्या तोंडात बसवला, आणि तेवढ्यात डॉक्टरांना फोन आला. त्यांनी ताईला हाक मारली, "जरा धरून ठेवा, घट्ट होईपर्यंत हलू द्यायचं नाही." ताई आली. चमच्याचा दांडा धरला. खुर्चीत कोण आहे हे तिला ठाऊक होतं. हा माणूस आता ओरडू शकत नाही, नाही म्हणू शकत नाही, उठून जाऊ शकत नाही, हेही ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदा ती एका दमात सगळं बोलली. निळी, वेल, अंडी, वस्तरा. पायथ्याजवळचा एक पट्टा अंडी फुटेपर्यंत राहू द्या, बाकीचा खुशाल कापा.

"अं अं," साहेब म्हणाले.

"हो म्हणायचं असेल तर डोळे मिटा," ताई म्हणाली.

डोळे तर माणूस मिटणारच! साहेबांनी मिटले. ताईनं "आभारी आहे" म्हटलं, डॉक्टर आले तसा दांडा त्यांच्या हातात दिला आणि मागच्या खोलीत जाऊन दाराला कडी घातली. माझ्याजवळ हे सांगताना तिला कापरं भरलं होतं. मी पोट धरून हसले. पण साहेब दिलदार निघाले. कवळी छान बसली म्हणून असेल, नाहीतर फजितीची गंमत वाटली म्हणून असेल, त्यांनी खरंच वस्तऱ्याला पट्टा सोडायला सांगितलं. वस्तऱ्यानं काठ्या रोवून लाल चिंध्या बांधल्या आणि वरचा सगळा उतार कापून पायथ्याचं गवत तसंच ठेवलं.

गवत वाढलं. आधी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. ताईचा उजवा खिसा दर रविवारी जड होऊ लागला. पाऊस संपून किती तरी काळ लोटला होता, सगळीकडे माती भुरभुरत होती, इतर ठिकाणची फुलपाखरं आटत चालली होती, आणि आमच्या पट्ट्यात मात्र निळ्याच निळ्या. बाईंना आकडा खरा वाटेना. त्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं. पुन्हा मोजला तर त्याहून जास्त. ताई आरशासमोर उभी राहून वेणी घालताना गुणगुणायला लागली. मी तिला म्हटलं, "बंब बोलावू का? तू चक्क आनंदात आहेस."

त्या रविवारी ऊन चांगलं होतं, वारा पडलेला. ताई पुढे, मी मागे. पट्ट्याच्या मधोमध, जिथे गवत सगळ्यांत उंच होतं, तिथे ती थांबली आणि हातानं मला बोलावलं. गवत बाजूला सारलं तर खाली ताटाएवढ्या जागेत निळ्यांचा गालिचा. शेकड्यांनी बसलेल्या, पंख मिटून, एकमेकींना खेटून, सोंडा मातीत खुपसून.

"हे सगळे बापये," ताई कुजबुजली. "माद्या नसतात यात. ओल्या मातीतलं मीठ चाटायला जमतात."

"बापयेच असणार. एका जागी बसून नुसतं पिणं चाललंय," मी म्हटलं. आणि तोंडाला येईल ते बोलायची माझी सवय. म्हणाले, "पण एवढ्या उन्हाळ्यात यांना पाजतंय कोण गं?"

ताई हसायला लागली होती. ते हसू तिच्या ओठांवरच राहिलं आणि वरचा चेहरा बदलला. माझ्याकडे बघितलं, मातीकडे बघितलं, मग मान वर करून बांधाकडे. आम्ही उभ्या होतो तिथून बांध डोक्यावर आल्यासारखा दिसत होता. त्याच्या मागे तलाव काठोकाठ भरलेला होता, कारण तो पावसावर नाही, दूरच्या धरणातून नळानं आणलेल्या पाण्यावर भरतो.

तिनं चपलेची टाच जमिनीत रोवली. निळ्या भुर्रकन उडाल्या, सगळ्या एकदम, आमच्या तोंडावर. टाच उचलली तर खळग्यात हळूहळू पाणी जमा झालं. ताईनं दुसरीकडे टाच रोवली. तिथेही जमलं. तिसरीकडेही.

"दव असेल," मी म्हणाले.

"दुपार होत आली."

"मग मुरलेलं असेल कधीचं. ताई, उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस."

ती खाली बसली. मला वाटलं, रडेल, मला घट्ट धरेल, घरी चल म्हणेल. तिनं यातलं काही केलं नाही. ती वेलीच्या शेंड्याला बोट लावून बसली होती. "कळ्या धरल्यात गं," ती म्हणाली. "प्रत्येक देठाला अंडं आहे. सांगितलं तर सगळं कापतील."

माझ्या मनात होतं, नको सांगूस. कावळा बसायला आणि फांदी मोडायला असलं काहीतरी असेल, उद्या ऊन वाढलं की आपोआप वाळेल. आणि सांगितलं तरी ऐकणार कोण? बंबवाली बाई. लांडगा आला रे आला. मी हे सगळं तिला बोलूनही दाखवलं. ताईनं ऐकून घेतलं. मग पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून टाकलं, खळग्यातलं पाणी तीत भरून घेतलं आणि उठली. तिला मीच धरून चालवली.

बांधाच्या टोकाला खात्याची एक खोली आहे. तिथे वस्तरा यंत्राच्या पात्यांना धार लावत बसला होता. रविवारचं दुसरं कुणी नव्हतं. ताईनं बाटली त्याच्यापुढे धरली. मीच सांगितलं. तो बाटली उन्हात धरून बघत राहिला. तळाशी पिवळसर माती बसत चालली होती. एरवी हा माणूस आमची थट्टा केल्याशिवाय बोलायचा नाही. आज तो सरळ आत गेला आणि त्यानं साहेबांना फोन लावला. आम्हाला त्याचं एवढंच ऐकू आलं, "नाही साहेब, गढूळ आहे."

साहेब घरच्या कपड्यांत आले. बाटली पाहिली, पट्ट्यात शिरले, ओणवे झाले. त्यांच्या बुटांचा पचपच आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता. बाहेर आले तेव्हा ते घाबरल्यासारखे दिसले नाहीत. ताईकडे बघून सौम्य बोलले.

"पाझर आहे. मातीच्या बांधाला थोडा असतोच. पाणी गढूळ आहे ते मला आवडलं नाही, म्हणजे आतली माती येत असेल, पण कदाचित तुमच्या टाचेनंच ढवळलं गेलं असेल. एवढ्या गवतात काही दिसत नाही. असं करू, उद्या माणसं आणतो, हातानं जरा जरा बाजूला सारून बघू. तुमची अंडी फुटायला किती दिवस लागतील? तेवढं थांबता येईल बहुतेक. मी तुम्हाला शब्द दिला होता."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. सुटलो! सगळं जागच्या जागी राहणार. मी ताईकडे पाहिलं.

तिच्या हाताची बोटं एकमेकांत अडकली होती. ती साहेबांच्या तोंडाकडे, तिनंच बनवलेल्या दातांकडे बघत होती.

"शब्द परत घ्या," ती म्हणाली. "कापा."

"अहो, उद्या..."

"आत्ता कापा. मला भीती वाटतेय."

एवढंच. कारण नाही, हिशेब नाही. आयुष्यभर ज्या वाक्याला आम्ही सगळे हसलो ते वाक्य. साहेबांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी वस्तऱ्याकडे बघून मान हलवली.

वस्तऱ्यानं ट्रॅक्टर सुरू केला, आणि चिंध्यांपाशी येऊन थांबवला. खाली उतरला, काठ्या एकेक करून उपटल्या, बाजूला रचून ठेवल्या. मग पुन्हा वर चढला. यंत्र गवतात शिरलं तसा निळा धुरळा उठला. ताईनं डोळे मिटले नाहीत. मी मिटले.

यंत्राचा आवाज बंद झाला म्हणून मी डोळे उघडले. पट्टा संपायच्या आतच वस्तऱ्यानं ते थांबवलं होतं. कापलेल्या भागात जमीन उघडी पडली होती आणि ती ताटाएवढी ओली नव्हती. पायथ्याला सबंध रांगभर माती काळी होती, चकाकत होती, आणि एका ठिकाणी उतार पोट सुटल्यासारखा पुढे आलेला होता. त्या फुगवट्याखालून पाण्याची करंगळीएवढी धार चालली होती. तिच्याबरोबर माती वाहून येत होती आणि पुढ्यात तिचा ढीग झाला होता. तो ढीग एका दिवसातला नव्हता.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते धावायला लागले. मोठा माणूस, पोट सुटलेला, घरच्या कपड्यांत धावतोय, हे बघून मला हसू यायला हवं होतं. मी ताईला दंडाला धरून मागे ओढलं. ते धावता धावता ओरडत होते, "झडपा उघडा! खालच्या गल्ल्या रिकाम्या करा!"

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. भोंगा वाजत होता. मी दुकानात शिरून इस्त्रीची तार ओढली आणि लोकांचे कपडे तसेच टाकून निघाले. गल्लीत दारं आपटत होती, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचलत होते, कुणी गादी घेऊन निघालं होतं आणि कुणी नुसताच चमचा. ती काळ्या पातेल्याची शेजारीण माझ्या अंगावर आदळली आणि तिनं विचारलं, "खरंच का गं?" मी म्हटलं, "खरंच." आम्ही चढावरच्या शाळेकडे निघालो. त्या चढावर नुसता पायांचा आवाज. आणि सगळे, अगदी सगळे, मागे वळून वळून बघत होते.

शाळेच्या वर्गात आम्हाला लहान मुलांच्या बाकांवर बसवलं. खिडकीतून बांध दिसत होता. तसाच, शांत, हिरवा, जिथे कापला होता तिथे तपकिरी. तो तसाच दिसत होता हेच भयंकर होतं. तलावाचं पाणी ओढ्यात सोडलं होतं, त्याचा घोंघाट येत होता, आणि प्रत्येक वेळी तो जरा वाढला की वर्गातली माणसं उठून उभी राहत. मी तोपर्यंत आयुष्यात खरी घाबरले नव्हते असं आता वाटतं. घर, दुकान, आईचा फोटो, वरच्या खोलीतला ताईचा उघडा पेटारा, सगळं एकेक करून पाण्याखाली जाताना दिसत होतं. ताई रोज हेच बघत झोपत असेल का? इतकी वर्षं? मी तिचा हात धरला. म्हटलं, आज ही तरी धीट झाली असेल. कसली! तिचा हात बर्फासारखा गार होता आणि दात वाजत होते.

"इस्त्री बंद केलीस ना?" तिनं विचारलं.

"केली."

"नक्की?"

"केली गं बाई, केली!"

मग ती एकदम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "सगळी कापली गं," ती म्हणाली. "मीच वाढवलं आणि मीच कापायला लावलं. ते गवत ठेवलं नसतं तर केव्हाच कुणाला तरी दिसलं असतं. मी त्यांना मोजत होते आणि खाली..." तिचं खोटंही नव्हतं. मी तिची पाठ थोपटत बसले.

बांध फुटला नाही. संध्याकाळपर्यंत पाणी इतकं खाली आणलं की साहेबांनी येऊन सांगितलं, आता जोर नाही, घरी जा. त्यांचा आवाज बसला होता. पाझर होता त्या जागी बांधाच्या पोटात पोकळी झाली होती, ती उकरायला पुढले कित्येक दिवस लागले. आणखी किती काळ टिकला असता, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते मला विचारू नका. मी स्वतःलाही विचारत नाही."

न फुटलेल्या बांधाचे आभार मानायला कुणी येत नाही. तलाव रिकामा म्हणून नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं, आणि गल्लीत पहिल्या आठवड्याची कृतज्ञता दुसऱ्या आठवड्यात आटली. "त्या फुलपाखरंवाल्या बाईपायी," असं रांगेत कुणीतरी म्हणालेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. ज्यानं म्हटलं त्याच्या तोंडात ताईचीच कवळी होती. आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याचे कपडे पुढे महिनाभर इस्त्रीला घेतले नाहीत.

बांधाचा सगळा उतार उकरला. वेलीसकट माती ट्रकांत भरून नेली आणि चिकणमातीचे थर ठोकून नवा बांध केला. उघडाबोडका, ऊन लागलं की डोळ्यांना टोचणारा. साहेबांनी सांगून टाकलं की आता गवत घोट्याच्या वर वाढू द्यायचं नाही. ताईनं मान डोलावली. ती दर रविवारी जातच राहिली. मी विचारलं, "आता काय मोजायचंय?" तर म्हणाली, "काही नाही, तेच मोजायचंय." बाईंना ती तेवढंच कळवायची. खिशातल्या गोळ्या डाव्या खिशातच राहायच्या. मी मागे चालायचे. गाण्याचं, गुणगुणण्याचं नावच गेलं.

मग एका रविवारी, नव्या बांधाला बारीक हिरवी लव फुटली होती तेव्हा, ऊन वर आल्यावर एक निळी आली. कुठून आली कोण जाणे. नखाएवढी, एकटीच. उतारावरून हेलकावत आली आणि ताईच्या पुढ्यात, अगदी पायथ्याच्या मातीवर बसली.

"ताई!" मी ओरडले. मला इतका आनंद झाला की मी चक्क टाळ्या वाजवल्या. "आली गं! बघ, आली!"

ताई पांढरीफटक पडली होती. खिशाकडे तिचा हात गेलाच नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि निळीच्या शेजारी जमिनीवर तळवा टेकला. दाबला. दुसरीकडे टेकला, दाबला. निळी उडाली नाही, पंख उघडून ऊन खात बसली. ताईनं तळवा उलटा करून बघितला, गालाला लावून बघितला, माझ्यापुढे धरला.

"बघ गं," ती म्हणाली. "कोरडाच आहे ना?"

मी दोन्ही हातांनी तो चाचपला. माती लागली होती, भुरभुरीत, उन्हानं गरम झालेली.

"कोरडा आहे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

तरीही ती उठली नाही. निळी होती तोवर ती तिथेच बसून राहिली आणि पुन्हा पुन्हा जमीन चाचपत राहिली.